फुटबॉलमधले खर्चाचे नियम नक्की कुणाच्या फायद्याचे?

मिरजकर_१०
एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश क्लबांचे खर्चाचा नियम मोडल्याबद्दल लीगमधले गुण कापले गेले. दुसऱ्या धाग्यावर त्याचा वाद अवांतर व्हायला लागला, म्हणून इथे घेतो. तिथे तीन वेगळे नियम एकाच नावाखाली खपवले जात होते. आधी ते सुटे करू.

इंग्लंडची अव्वल लीग म्हणजे प्रीमियर लीग. तिचा २०२५-२६ हंगामापर्यंतचा पीएसआर (नफा आणि टिकाऊपणाचे नियम) हा तोट्याचा नियम. सलग ३ वर्षांचा मिळून तोटा १०.५ कोटी पौंडांच्या पुढे जायला नको. त्यातले १.५ कोटीच क्लबने स्वतः सोसायचे. वरचे ९ कोटी मालकाने भागभांडवल म्हणून भरले तरच चालतात. एखादं वर्ष क्लब खालच्या चॅम्पियनशिपमध्ये असेल तर त्या वर्षाचे ३.५ कोटींऐवजी १.३ कोटीच धरतात. अकादमी, महिला संघ, समाजकार्य आणि मैदानाचं बांधकाम यांवरचा खर्च या हिशेबातून वगळतात.

युएफा म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघ. त्याचा नियम दोन भागांत. एक तोट्याचा: ३ वर्षांत ६ कोटी युरो, आर्थिक स्थिती चांगली असेल तर ९ कोटींपर्यंत. दुसरा गुणोत्तराचा: खेळाडू-प्रशिक्षकांचे पगार, ट्रान्सफर फीचा (खेळाडू घेताना दुसऱ्या क्लबला दिलेल्या रकमेचा) त्या वर्षाच्या वाट्याचा खर्च आणि एजंटांचं कमिशन हे सगळं मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसलं पाहिजे. २०२३ ला ही मर्यादा ९० टक्के होती, २०२४ ला ८०, २०२५ पासून ७०.

स्पेनच्या ला लीगाचं तिसरंच. तिथे प्रत्येक क्लबला संघावरच्या खर्चाची मर्यादा आधीच आखून देतात, आणि तीत न बसणारा खेळाडू नोंदलाच जात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सीला बार्सिलोना सोडावं लागलं ते यामुळे.

माझं म्हणणं एवढंच, की मर्यादेचा आकडा १० ठेवा नाहीतर १५, त्याने न्याय-अन्याय ठरत नाही. उत्पन्न म्हणून काय धरायचं आणि झाडाझडती कधी घ्यायची, खरी मेख या दोन ठिकाणी आहे. गुणकपातीवर बोंब मारणारे तिकडे बघतच नाहीत.

लेफ्टबॅक_सांगली
मांडणी झकास, पण माझा मुळावरच आक्षेप आहे. पैसा मालकाचा. त्याला उधळायचाय तर उधळू दे की.

सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूकॅसल हा इंग्लिश क्लब घेतला. एवढी मोठी तिजोरी पाठीशी असताना जून २०२४ अखेर त्यांना एलियट अँडरसन फॉरेस्टला आणि यानकुबा मिंते ब्रायटनला विकावा लागला. का? तर हिशेबाचं वर्ष संपत आलं होतं. अँडरसन तर घरच्या अकादमीतला पोरगा. रशियन धनाढ्य अब्रामोविचने चेल्सी २००३ मध्ये घेतलं, अबुधाबीने मँचेस्टर सिटी २००८ मध्ये, तेव्हा असला नियमच नव्हता. युएफाने पहिल्यांदा हिशेब तपासायला घेतले ते २०११-१२ पासूनचे. म्हणजे आपण आत शिरायचं आणि मागून दाराला कडी घालायची. याला न्याय म्हणणार असाल तर बोलणंच खुंटलं.

विश्रामबाग_सीए
घरचाच पोरगा का विकावा लागतो ते आधी सांगते, कारण बाकीच्या पळवाटा त्यातूनच निघतात.

खेळाडू ६ कोटींना घेतला आणि करार ५ वर्षांचा असेल तर पुस्तकात दरवर्षी १.२ कोटी खर्च पडतो. रोख एकदम दिली की हप्त्याने, याचा इथे संबंध नाही. ३ वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत २.४ कोटी उरते. तेव्हा तो ४ कोटींना विकला तर नफा १.६ कोटी. अकादमीतून आलेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य. तोही ४ कोटींनाच विकला तरी नफा पुरे ४ कोटी, आणि तो सगळा त्याच वर्षात धरला जातो. ३० जूनला वर्ष संपत असेल आणि ३ कोटींचं भोक बुजवायचं असेल तर कुठलाही हिशेबनीस पहिलं बोट घरच्या पोराकडेच दाखवणार.

म्हणजे अकादमीवरचा खर्च माफ करून नियम एका हाताने पोरं घडवायला सांगतो, आणि दुसऱ्या हाताने तीच विकायला लावतो. तोट्याच्या नियमाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

अजिंक्यतारा
ताई, मग चेल्सीचे ते ८-८ वर्षांचे करार याच कारणासाठी होते ना?

विश्रामबाग_सीए
हो. एन्झो फर्नांडेस जानेवारी २०२३ मध्ये १०.६८ कोटी पौंडांना आला, करार साडेआठ वर्षांचा. ५ वर्षांत विभागले असते तर वर्षाला सुमारे २.१४ कोटी पडले असते. साडेआठ वर्षांत विभागल्यावर १.२६ कोटीच. युएफाने त्याच उन्हाळ्यात आणि प्रीमियर लीगने डिसेंबर २०२३ मध्ये विभागणीला ५ वर्षांची कमाल मर्यादा घातली. करार १० वर्षांचा करा, फी मात्र ५ वर्षांतच पुस्तकातून संपवायची. आधी झालेल्या करारांना हा बदल लागू नाही.

यात धोकाही आहे. खेळाडू चालला नाही तर पुस्तकी किंमत हळूहळू उतरते आणि बाजारातली धाडकन. ३ वर्षांनी पुस्तकात ७ कोटी आणि गिऱ्हाईक ३ कोटींचं, अशी वेळ आली की विकलं तर ४ कोटींचा तोटा एकदम अंगावर येतो. मग क्लब त्याला उसन्यावर पाठवत बसतात.

अजिंक्यतारा
आणि जून २०२४ अखेरची ती खेळाडूंची अदलाबदल? ॲस्टन व्हिलाचा केलीमन चेल्सीला, चेल्सीचा मातसेन व्हिलाला. डॉबिन व्हिलाला, इरोगबुनाम एव्हर्टनला.

विश्रामबाग_सीए
समजा दोन्ही क्लबांनी अकादमीतला एकेक पोरगा २ कोटींना एकमेकांना दिला. दोघांच्याही पुस्तकात यंदा २ कोटी नफा. नव्या खेळाडूचा खर्च मात्र ५ वर्षांत, वर्षाला ४० लाख. पूर्ण वर्षाचा खर्च धरला तरी यंदा निव्वळ १.६ कोटी वर. पुढची ४ वर्षं ४०-४० लाख खाली. बेरीज शून्य. हा पुढच्या वर्षांकडून घेतलेला हातउसना आहे, तोटा त्याने जात नाही. शिवाय किंमत किती लावायची हे त्या दोघांच्याच हातात, कारण १८-१९ वर्षांच्या, फारसा न खेळलेल्या पोराला बाजारभाव असा नसतोच. वर घेतलेल्या सौद्यांत तसं झालं असं मी म्हणत नाही, पण नियमात त्याला जागा आहे.

कृष्णाकाठ
हे तरी खेळाडू होते. चेल्सीने दोन हॉटेलं आपल्याच भावकीतल्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकली आणि नफा पीएसआरच्या हिशेबात धरला. पुढे महिला संघ मूळ कंपनीलाच सुमारे २० कोटींना. आपल्याकडच्या एखाद्या साखर कारखान्याने डिस्टिलरी अध्यक्षांच्याच खासगी कंपनीला विकून ताळेबंदात नफा दाखवला, तर वार्षिक सभेत खुर्च्या फिरतील. तिकडे हा रस्ता बंद करायचा ठराव जून २०२४ मध्ये क्लबांच्या सभेत आला तो पुरेशा मतांअभावी पडला. २० पैकी १४ मतं लागतात.

युएफाने मात्र असली विक्री धरायला नकार दिला. जुलै २०२५ मध्ये चेल्सीला युएफाच्या तोट्याच्या आणि गुणोत्तराच्या, दोन्ही नियमांच्या भंगासाठी मिळून ३.१ कोटी युरो दंड झाला, आणि पुढच्या वर्षांत ठरलेलं पाळलं नाही तर आणखी ६ कोटींची टांगती तलवार. व्हिलाला १.१ कोटी, बार्सिलोनाला १.५ कोटी.

मिरजकर_१०
कृष्णाकाठ, मी पहिल्या पोस्टमध्ये म्हणालो ते हेच. एकच विक्री, तेच आकडे. एका नियमात उत्पन्न, दुसऱ्यात शून्य.

आता "झाडाझडती कधी" हा मुद्दा. एव्हर्टनचा २०२१-२२ पर्यंतचा तोटा १२.४५ कोटी धरला गेला, मर्यादेपेक्षा १.९५ कोटी जास्त. शिक्षा जाहीर झाली १७ नोव्हेंबर २०२३ ला. १० गुण गेले, अपिलात फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ६ वर आले. म्हणजे ज्या हंगामात जास्तीचा पैसा खर्च झाला त्या हंगामात ज्यांना फटका बसला, ते क्लब तोवर खाली जाऊनही बसले होते. एप्रिल २०२४ मध्ये पुढच्या कालावधीसाठी आणखी २ गुण गेले. पहिल्या प्रकरणात नव्या स्टेडियमसाठीचं म्हणून दाखवलेलं कर्जावरचं व्याज बांधकामात धरायचं की चालू खर्चात, यावर वाद झाला. बांधकामात धरलं तर माफ, चालू खर्चात धरलं तर तोटा. एवढ्या एका ओळीवर एव्हर्टनची बरीच भिस्त होती.

फॉरेस्टचं प्रकरण मला जास्त शिकवणारं वाटतं. २ वर्षं चॅम्पियनशिपमधली असल्याने त्यांची मर्यादा १.३ अधिक १.३ अधिक ३.५, म्हणजे ६.१ कोटी. तोटा ९.५५ कोटी. ब्रेनन जॉन्सन १ सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅम स्पर्सला ४.७५ कोटींना गेला. हीच विक्री ३० जूनच्या आत झाली असती तर ३.४५ कोटींचं भोक पूर्ण बुजलं असतं. फॉरेस्टचा बचाव असा, की दोन महिने थांबल्याने जास्त किंमत आली, म्हणजे क्लबच्या तब्येतीला ते चांगलंच. सुनावणी करणाऱ्या आयोगाने तो मानला नाही. जॉन्सन हंगामाच्या सुरुवातीला संघात राहिला याचा मैदानावर फायदा झालाच की. सहकार्य केल्याबद्दल २ गुणांची सूट धरून ४ गुण गेले.

लेफ्टबॅक_सांगली
म्हणजे तुम्हीच सांगताय की घाईने स्वस्तात विकलं असतं तर निर्दोष सुटले असते. हा नियम क्लब टिकवायला आहे की कॅलेंडर पाळायला?

मिरजकर_१०
तारीख कुठेतरी लागणारच हो. ३१ मार्चनंतर आलेली पावती आपण तरी आदल्या वर्षात धरतो का? घाईच्या विक्रीचा दोष तारखेचा नाही, नंतर तपासण्याच्या पद्धतीचा आहे. स्पेनमध्ये खर्च आधी अडतो, त्यामुळे गुण कापायची वेळ फारशी येत नाही.

कराडचा_गोलकीपर
स्पेनची फार आरती नको. बार्सिलोनाने २०२२ मध्ये टीव्ही हक्कांच्या उत्पन्नातला २५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी विकून मर्यादा वाढवून घेतली. त्यांच्याच दानी ओल्मो या खेळाडूची नोंदणी ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, ला लीगाने नवी नाकारली, आणि ८ जानेवारीला सरकारच्या क्रीडा परिषदेने तात्पुरता आदेश देऊन त्याला खेळू दिलं. आधी अडवणारा नियम चांगला, पण अडवलेला क्लब एवढा मोठा असला की दार दुसरीकडून उघडतं. शिवाय २५ वर्षांचं पुढचं उत्पन्न आज खायचं, याला टिकाऊपणा कसा म्हणायचं?

विश्रामबाग_सीए
+१. टीव्ही हक्क विकणं म्हणजे वरची अदलाबदलच, फक्त २५ वर्षांच्या मुदतीची.

सातारा_टोटलफुटबॉल
नवीन नियमाबद्दल कुणी बोललंच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२६-२७ पासून पीएसआरच्या जागी गुणोत्तराचा नियम आणायचं ठरवलं: संघावरचा खर्च फुटबॉलच्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. युरोपात खेळणाऱ्यांना युएफाचे ७० टक्के आहेतच. त्याच सभेत अँकरिंगचा ठराव पडला. अँकरिंग म्हणजे तळाच्या क्लबला टीव्ही आणि बक्षिसापोटी जेवढी रक्कम मिळते, तिच्या ५ पटींपेक्षा जास्त कुणीच संघावर खर्च करायचा नाही.

गणित करून बघा. २०२३-२४ मध्ये सिटीचं उत्पन्न ७१.५ कोटी पौंड, न्यूकॅसलचं ३२ कोटी. युएफाची मर्यादा बाजूला ठेवली तर ८५ टक्क्यांनी सिटीला ६०.८ कोटी खर्चता येतात, न्यूकॅसलला २७.२. नियम दोघांना सारखा, पण ३३.६ कोटींची दरी आता कायदेशीर झाली. तळाच्या क्लबला ११ कोटी मिळतात असं धरलं तर अँकरिंगचं छत ५५ कोटींवर येतं. म्हणजे त्यानेसुद्धा न्यूकॅसलला एक पैसा जास्त मिळत नाही, फक्त सिटीला थोडा लगाम बसतो. तरीही तो पडला.

गुणोत्तर हिशेबाला स्वच्छ आहे, मान्य. पण त्यात जो आज श्रीमंत तो उद्याही श्रीमंत. तोट्याच्या नियमात निदान मालकाच्या ९ कोटींना तरी जागा होती.

लेफ्टबॅक_सांगली
घ्या! आता बोला.

कृष्णाकाठ
मग न्यूकॅसलने उत्पन्न वाढवावं. कुणी अडवलंय?

सातारा_टोटलफुटबॉल
अडवलंय की, लीगनेच. न्यूकॅसलची खरेदी झाल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये मालकाशी संबंधित प्रायोजकांसाठी वाजवी बाजारभावाचा नियम आला. मालकाच्या विमान कंपनीने शर्टावर नाव टाकायला वर्षाला ५ कोटी दिले आणि बाजारात तेच २.५ कोटींना मिळत असेल, तर २.५ च धरायचे. तत्त्व म्हणून मला हे पटतं. पण सिटीने लवादात नेल्यावर निघालं काय? मालकाने दिलेलं बिनव्याजी कर्ज या तपासणीतून वगळलं होतं. मालकाच्या कंपनीने प्रायोजक म्हणून दिलेला पैसा बाजारभावाने तपासायचा आणि मालकाने बिनव्याजी दिलेल्या कर्जावरचं वाचलेलं व्याज मोजायचंच नाही, हा उघड दुजाभाव. ऑक्टोबर २०२४ मध्ये लवादाने तो बेकायदा ठरवला, नोव्हेंबरात नियम बदलला.

(सिटीवरचे आर्थिक नियमभंगाचे ते ११५ आरोप हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळा धागा काढा. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये लागले, क्लबने नाकारले, सुनावणी डिसेंबर २०२४ मध्ये संपली. इथे मिसळू नका.)

कराडचा_गोलकीपर
श्रीमंतांच्या दरीवर सगळे भांडताय, पण नियम आणले ते क्लब मरू नयेत म्हणून. त्या कसोटीवर बघा. युएफाच्या हिशेबात युरोपातल्या अव्वल लीगच्या क्लबांचा एकूण तोटा २०११ मध्ये १.७ अब्ज युरो होता, २०१७ मध्ये ६० कोटी नफा. वाढत्या टीव्ही पैशाचा वाटा त्यात मोठा आहे, पण नियमाचंही काहीतरी श्रेय द्यावं लागेल.

इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये उलटं चित्र. तिसऱ्या-चौथ्या पातळीवर आधीपासून गुणोत्तराचाच नियम होता. त्यातली गोम अशी की मालकाने दिलेली देणगी किंवा भागभांडवलसुद्धा उत्पन्नातच धरायचे. म्हणजे मालकाने पैसे ओतले की पगाराची मर्यादा वाढली. मालकाचा खिसा आटला की पगार तेवढेच आणि उत्पन्न गायब. ‘बरी’ नावाच्या क्लबला हाच नियम लागू होता, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने त्याला काढून टाकलं. शेफिल्ड वेनस्डे हा क्लब ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनात गेलं, १२ गुण गेले.

लेफ्टबॅक यांच्या "मालकाला उधळू दे" ला माझं उत्तर हेच आहे. उधळू दे, पण करार ४ वर्षांचे करणार असशील तर ४ वर्षांचे पगार आधी बँकेत ठेव किंवा हमी दे. मग मर्यादा नसली तरी चालेल.

लेफ्टबॅक_सांगली
याला माझी हरकत नाही. उलट हाच नियम हवा.

विश्रामबाग_सीए
हमीत एक अडचण. बँक हमी वर्षावर्षाने नूतनीकरण करून देते. मालकाने दुसऱ्या वर्षी ती केलीच नाही तर करार क्लबच्या गळ्यात. म्हणून मुदत संपायच्या ६० दिवस आधी नूतनीकरण झालं नाही तर लीगने ती आपोआप वटवून घ्यायची, असं कलम आधीच लागेल. आणि बिगरसरकारी मालकाला ४ वर्षांची हमी परवडणार नाही, सरकारी निधीला परवडेल. म्हणजे दरीचा प्रश्न परत दारात.

मिरजकर_१०
युएफाचा एक नियम कुणाच्या डोळ्यात भरत नाही, तो मला सगळ्यात न्याय्य वाटतो: थकबाकी नको. इतर क्लबांची फी, खेळाडूंचे पगार, कर, हे वेळेवर दिलेत का, हे १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि १५ जानेवारी अशा तारखांना तपासतात. स्पेनचं मालागा २०१२-१३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं आणि थकबाकीमुळेच पुढच्या हंगामाच्या युरोपीय स्पर्धांना मुकलं. यात बाजारभाव नाही, विभागणी नाही, हॉटेल नाही. पैसे दिलेत की नाहीत, एवढाच प्रश्न.

अजिंक्यतारा
आता इकडचं. सांगली-मिरज-साताऱ्याच्या स्पर्धांत संघांना खर्चाची मर्यादा घाला, असं दर हंगामाआधी कुणीतरी म्हणतंच. बाहेरचे खेळाडू आणून चषक उचलतात म्हणून. यातलं काय लागू पडेल?

मिरजकर_१०
खर्चाची मर्यादा अजिबात नाही. पावतीच नसते तिथे मोजणार काय? कीट प्रायोजकाचं, गाडी कुणाच्या तरी मित्राची, मानधन पाकिटात. मर्यादा घातली की पाकीट जाड होतं आणि वही पातळ. डोळ्यांनी मोजता येतं तेवढंच मोजा.

यादी २० जणांची, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी बंद. नंतर फक्त जखमी गोलकीपर बदलता येईल, तोही सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर. नाहीतर उपांत्य फेरीआधी निम्मा संघ "जखमी" होतो. मैदानावर एका वेळी बाहेरच्या जिल्ह्यातले ३ च. ही मोजणी बदली खेळाडू उतरताना चुकते, म्हणून चौथ्या पंचाच्या यादीत बाहेरच्यांच्या नावापुढे आधीच खूण हवी. खेळाडू एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत नोंदलेला असेल तर कुठल्या क्लबकडे आहे तेही बघून घ्या, नंतरचं भांडण वाचतं.

आणि थकबाकीचा नियम जसाच्या तसा उचला. प्रवेशावेळी अनामत घ्या. यादीतल्या सगळ्यांनी "ठरलेले पैसे मिळाले" अशी सही केल्याशिवाय बक्षिसाची रक्कम आणि अनामत सोडायची नाही. सह्या व्यवस्थापकाच्या घरी नकोत, आयोजकांच्या टेबलावर ओळखपत्र बघून घ्या.

कराडचा_गोलकीपर
"बाहेरचा" कोण, हे आधी ठरवा. आधार कार्डावरचा पत्ता बदलायला कितीसा वेळ लागतो. कुपवाड एमआयडीसीत नोकरीला असलेला कोल्हापूरचा पोरगा बाहेरचा की घरचा?

विश्रामबाग_सीए
पीएफच्या पासबुकात मागचे १२ महिने त्या कंपनीची वर्गणी दिसली तर घरचा. विद्यार्थी असेल तर मागच्या वर्षाचं गुणपत्रक जिल्ह्यातल्या कॉलेजचं हवं. स्पर्धेच्या आठवड्यातलं नेमणूकपत्र आणलं तर बाहेरचा, आणि त्या पत्रावर संघाच्या प्रायोजकाचाच शिक्का आहे का, तेही बघा.